चांदमारी

सड्याला गावात अजून चांदमारीच म्हणतात,
शेवटची गोळी सुटून तीस पावसाळे झाले तरी.
जांभ्याची भिंत अर्धी उरली आहे;
बाकी चिरे कुणाकुणाच्या गोठ्यात गेले.
एखाद्यात शिसं रुतलेलं असेल. म्हशीला काय त्याचं.

त्या साली कॅप्टन भाटिया सायक्लोस्टाइलचे कागद घेऊन आले.
माणसामागे एक ओळ, ओळीत तीन रकाने:
आज दहांपैकी किती लागतील असं तुला वाटतं,
मागच्या वेळी किती लागल्या,
आणि तिसरा कोरा.
मी हवालदार, अक्षर बरं, म्हणून कारकुनी माझ्याकडे.
पहिला रकाना पेन्सिलीने भर, म्हणाले.
का, ते सांगितलं नाही.

भिंतीमागे समुद्र. पहाटेच लाल बावटा चढला,
आणि खाली बंदरात इस्माईल मुकादम
आम्हा सगळ्यांच्या नावाने शिव्या घालत
होडीतलं जाळं पुन्हा उतरवायला लागला.

गणू भुवड म्हणाला, "दहा. लिवा बिनधास्त."
मागच्या वेळी पाच.
लक्ष्मण तांबे मान खाली घालून,
"चार लागल्या तरी खूप, उस्ताद."
मागच्या वेळी नऊ.
त्याच्या आईने लहानपणीच बजावलं होतं,
आपल्या तोंडाने आपलं बरं बोलू नये, दृष्ट लागते.
नव्या पोराला मागचं काही नव्हतंच;
तो माझ्याकडे बघत राहिला,
जणू त्याचा आकडा माझ्या खिशात होता.
भागोजी पाष्टे तेवढा बोलेना.
"आडवा पडल्यावर विचारा."
आडवा पडला, गाल दस्त्याला टेकवला,
सुरूचे शेंडे कुठे झुकतात ते पाहिलं.
"आता लिवा. सात."
सातच लागल्या.

गणूला सहा. तांब्याला नऊ.
नव्या पोराच्या दहाही मातीत;
खड्ड्यातून मार्करने दहा वेळा झेंडी हलवली,
सगळे हसले, शेवटी तोही.

दुपारी काजूच्या सावलीत साहेबांनी आकडेमोड केली.
"बोलण्यापेक्षा मागचा आकडा खरा, हवालदार.
पण बोलणं टाकून द्यायचं नाही. थोडं मिसळलं
की अंदाज आणखी जवळ जातो."
कालवणातल्या मिठासारखं, मी म्हटलं.
साहेब जेवणाची वेळ झाली असं समजले.

सगळ्यात शेवटी माझी ओळ.
मी आठ लिहिलं. मागच्या वेळी आठ, त्याआधीही आठ.
रकाने इतके जुळले की साहेबांनी पुढचं पान काढलं.
लागल्या तीन.

शिमग्यापासून उजव्या डोळ्यात धुकं होतं.
बायकोला म्हणायचो, चुलीचा धूर;
दवाखान्याच्या पायरीवरून मागे फिरताना
स्वतःला म्हणायचो, धूळ.
हातात पेन्सिल होती, खोडरबर होतं,
आठ मी खोडलं नाही.
कागदाला माझा जुना डोळा ठाऊक, मला आजचा,
आणि खोटं मात्र दोघांचं एकच.

"एरर," साहेब म्हणाले.
मला नाही, गणिताला.
तसा शब्द असतो म्हणे त्यांच्यात,
त्यात कुणाचा दोष नसतो.
मी रात्रभर तो शब्द अंगावर घेऊन झोपलो, बरा वाटला.

आता दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवली आहेत.
संध्याकाळी धक्क्यावर बसतो.
इस्माईलचा नातू लांबूनच होडीत उभा राहून
बोटं दाखवतो: बांगड्याच्या किती टोपल्या.
शेजारी सुताराचा पोरगा पैज लावतो, "आबा, किती?"

"चार," मी काल म्हणालो.
परवाही चारच होत्या.
मग म्हणालो, "थांब, लिहू नको अजून."
तो म्हणाला, "लिहितंय कोण?"

होडी धक्क्याला लागायला बराच वेळ होता.
सुरूचे शेंडे दक्षिणेला झुकले होते.